भाऊंचा हॉल घ्यावा का?

प्रश्न (संक्षिप्त) : आम्ही तिघी मैत्रिणी मानखुर्दच्या एका वस्तीत दोन वर्षांपासून तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी खेळघर चालवतो. दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत एकोणीस मुले येतात. आम्ही अक्षरे गिरवून घेत नाही, गृहपाठ देत नाही; माती, बिया, गोष्टी आणि गाणी यांवर भर देतो. पालक कुरकुरतात आणि यंदा जूनमध्ये तीन मुले गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीत गेली. घरमालकाने भाडे वाढवले आहे. एका पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते, ज्यांना सगळी वस्ती 'भाऊ' म्हणते, त्यांनी मोठा हॉल फुकट देऊ केला आहे. दारावर त्यांचा फलक असावा आणि सणासुदीला व जयंतीला मुलांनी कार्यक्रम करावा, एवढीच अट आहे. गणपतीपूर्वी उत्तर हवे म्हणतात. वस्तीत मराठी आणि हिंदी बोलणारी, दोन धर्मांची घरे आहेत. गेल्या हिवाळ्यात मागच्या रांगेवर तोडकाम झाले, तेव्हापासून मुले रोज 'जेसीबी'चा खेळ खेळतात. तो आम्हाला पाहवत नाही. थांबवावा का?

उत्तर :

तुम्हा तिघींना सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण मुदत एकालाच आहे, म्हणून हॉलपासून सुरुवात करते. भाऊंनी आज ज्या अटी घातल्या आहेत त्या अटींवर हॉल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी स्वतः ठेच खाऊन बनवलेले आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत बालवाडी चालवत असताना मी असाच एक हॉल घेतला होता. फरशी होती, पंखे होते आणि मुख्य म्हणजे संडास होता. तीन वर्षांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या बाईला संडासाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पहिले आठ महिने कोणी काही मागितले नाही. मग निवडणूक लागली. एके दिवशी मी पोहोचण्यापूर्वीच मुलांना रांगेत उभे करून, हातांत झेंडे देऊन फोटो काढण्यात आला आणि संध्याकाळी तो नाक्यावरच्या फलकावर झळकला. त्या पक्षाशी ज्यांचा उभा दावा होता, अशा घरांतली मुलेही त्या रांगेत होती. दुसऱ्या दिवशी बत्तीसपैकी अकरा मुले आली. मी घरोघर जाऊन माफी मागितली, तेव्हा एका आईने दारातच विचारले, "टीचर, तुम्हाला माहीत नव्हतं, की आम्हाला सांगितलं नाही?" मला माहीत नव्हते हे खरे होते, पण ते माहीत असणे हेच माझे काम होते. हॉल आम्ही सोडला. गेलेल्यांतली निम्मी मुले परत आली नाहीत.

माझी चूक एका वस्तीपुरती होती. बालशिक्षणातल्या सर्वांत मोठ्या नावालाही या वाटेने जावे लागले आहे. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मुले जिने आणि भिंती खराब करतात, या काळजीने इमारतींच्या मालकमंडळींनी ती खोली दिली होती, म्हणजे फुकटच्या खोलीमागे देणाऱ्याचा हेतू असतो, ही गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. तो हेतू निदान निरुपद्रवी होता. १९२४ मध्ये मुसोलिनीने त्यांच्या पद्धतीला सरकारी आश्रय दिला, शाळा वाढल्या, पैसा आला. पुढे राजवटीला मुलांकडून आणि शिक्षकांकडून निष्ठा हवीशी झाली, तेव्हा मॉन्टेसरी आणि सत्ता यांचे फाटले, १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली आणि १९३६ पर्यंत तिथल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. मानखुर्दचे भाऊ म्हणजे मुसोलिनी नव्हेत, हे मलाही कळते. ते मनाने चांगले गृहस्थ असतील आणि त्यांना खरोखरच मुलांचे कौतुक असेल. पण भाऊंच्या वरही कोणी भाऊ असतात, आणि निवडणुकीच्या महिन्यात त्या वरच्या भाऊंचा फोन आल्यावर आपल्या भाऊंना 'नाही' म्हणता येईल का, हा प्रश्न त्यांच्या स्वभावाचा उरत नाही.

'नाही' कसे म्हणावे हे मात्र 'नाही' म्हणण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण तुम्हाला त्याच गल्लीतून रोज जायचे आहे. तुम्ही तिघींनी जाऊ नका. मुलांच्या आयांपैकी पाच-सहा जणींनी, त्यांतही दोन्ही धर्मांच्या आणि दोन्ही भाषांच्या घरांतल्या बायकांनी जावे आणि म्हणावे की भाऊ, पोरे लहान आहेत, लांब पाठवायला जीव धजत नाही, खेळघर आमच्या ओळीतच राहू दे. आणि रिकाम्या हाताने परत येऊ नये. गटारावर लादी टाकून द्या, पावसापूर्वी नळाजवळ पत्रा टाकून द्या, असे काहीतरी मागावे, ज्याचा उपयोग साऱ्या ओळीला होईल आणि ज्यावर त्यांनी हवा तर खुशाल आपला फलक लावावा. उपकाराची संधी मिळाली की माणसाचा अपमान होत नाही. हॉल जर त्यांच्या मालकीचा नसून महापालिकेचे समाजमंदिर असेल (असे पुष्कळदा असते, चौकशी करा), तर वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज करून ठरावीक वेळेपुरता तो रीतसर मागता येतो आणि त्यासाठी कोणाचाही फलक लावावा लागत नाही.

आता जागेचे काय करावे? एकोणीस मुले एकदम बसवण्याऐवजी नऊ-दहांच्या दोन तुकड्या करा, नऊ ते अकरा आणि अकरा ते एक, म्हणजे तीच खोली पुरेल. रोज वेगळ्या घरी बालवाडी भरवण्याची कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका; या वयाच्या मुलाला तीच सतरंजी, तोच कोपरा आणि तीच वेळ लागते, आणि ज्याच्या घराचीच शाश्वती नाही त्याला तर ती जास्तच लागते. कोणाच्या दारापुढे चार हात अंगण मोकळे असेल तर मातीकाम आणि पाण्याचे खेळ तिथे न्या. याला कमीपणा मानू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक दादरला मध्यमवर्गीय मुलांची बालशाळा उभी करून झाल्यावर १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. ते वर्ष डहाणू-उंबरगाव भागात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध केलेल्या उठावाचे होते. जमीनदार, पोलीस, मोर्चे आणि भीती असे वातावरण होते. मुले बालवाडीच्या इमारतीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जाऊन कुरणशाळा भरवली. महागडी साधने परवडत नव्हती म्हणून बिया, शिंपले, पाने आणि माती वापरली. आज देशभर जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो तो 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातला आहे.

भाड्यासाठी आयांकडून दरमहा थोडी वर्गणी घ्या. तुमच्या पत्रावरून दिसते की आजवर तुम्ही काहीच घेत नाही आणि त्याचा तुम्हाला थोडा अभिमानही आहे. मला तो पटत नाही. जी गोष्ट सर्वस्वी फुकट मिळते तिच्यावर माणूस हक्क सांगत नाही, आणि तुम्हाला तर असे लोक हवेत जे उद्या भाऊंसमोर किंवा घरमालकासमोर उभे राहून 'आमचे खेळघर' म्हणतील. वर्गणीचा हिशेब खोलीच्या भिंतीवर खडूने लिहा. ज्या घराला जमत नाही त्याने आठवड्यातून एकदा सतरंज्या धुवाव्यात किंवा खाऊ शिजवावा.

इटलीतच, रेज्जो एमिलिया शहराजवळच्या विल्ला चेल्ला या गावी, १९४५ च्या वसंतात युद्ध संपताच गावकऱ्यांनी, त्यांत बायकांचा पुढाकार मोठा, पळून जाणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. विटा बाँबने पडलेल्या घरांच्या होत्या, वाळू नदीची होती. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक बातमी ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि त्या कामाशी जन्मभराचा जोडला गेला. आज जगभरचे शिक्षक जिथे शिकायला जातात ती बालशिक्षणाची पद्धत तिथून वाढली. नगरपालिकेने स्वतःचे पहिले बालकेंद्र सुरू केले ते १९६३ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. आधी बायकांनी विटा धुतल्या. तुमच्या वस्तीत रणगाडा नाही, पण भंगार ओळखणारी आणि त्याचा भाव जाणणारी माणसे मुंबईत तुमच्याइतकी कोणाच्या शेजारी राहत असतील?

पालकांच्या कुरकुरीकडे येते. इथे मी अर्धी तुमच्या बाजूने आहे आणि अर्धी त्यांच्या. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून 'अ' आणि 'ए' शंभर वेळा गिरवून घेऊ नये, हे तुमचे बरोबरच आहे. त्या वयात मनगटातली सगळी हाडे अजून तयारही झालेली नसतात. कणीक मळणे, मटार सोलणे, मटकीतून खडे निवडणे, ओल्या फडक्याचे पाणी पिळणे, या सगळ्यात पुढे पेन्सिल धरणारी बोटे घडत असतात. मात्र हे पालकांना बैठकीत भाषण करून पटत नाही. शनिवारी एक तास दार उघडे ठेवा आणि आयांना मुलांबरोबर तेच काम करायला बसवा. मी पाहिलेली एक आई चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग लावणाऱ्या आपल्या मुलीकडे बराच वेळ बघत होती आणि मग आपल्या शेजारणीला म्हणाली, "ही तर माझ्यासारखी पाकिटं मोजते." ती घरी बिंदीची पाकिटे भरायचे काम करत असे आणि डझनाचा हिशेब तिला हाताच्या हालचालीतून येत असे. त्यानंतर तिने गणित कधी शिकवणार, असे विचारले नाही.

वडिलांना कागद लागतो. त्यांना सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा ठरवला असून त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तेच आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. दिल्लीचा शिक्का दाखवला की घरातली बाई दोन वर्षे जे सांगत होती ते बाप लोकांना एका संध्याकाळी पटते, हा माझा जुना अनुभव आहे.

तरीही पालकांची भीती खुळी नाही. दादर-पार्ल्याच्या ज्या घरांतली मुले पर्यायी शाळांत जातात, त्यांच्या घरी भिंतभर पुस्तके असतात आणि रात्री गोष्ट वाचून दाखवणारे कोणी असते. शाळेने अक्षर उशिरा दिले तरी घर ते देत असते. तुमच्या मुलांच्या घरी छापील मजकूर म्हणजे रेशन कार्ड, विजेचे बिल आणि बिस्किटाचा पुडा. 'आम्ही अक्षरे शिकवत नाही' हे ब्रीद तिथे जसेच्या तसे उचलले तर मूल पहिलीत गेल्यावर एकटे पडते, आणि त्याचा दोष तुमच्या पद्धतीला लागतो तो अगदीच अन्यायाने लागत नाही. म्हणून रोज न चुकता एक पुस्तक वाचून दाखवा, बोट ओळीखाली फिरवून. दप्तर अडकवायच्या प्रत्येक खिळ्यावर मुलाचे नाव मोठ्या अक्षरात लिहा. पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना स्वतःच्या नावाची अक्षरे ओळखू येऊ द्या, वाळूत काढू द्या. आणि प्रत्येक मुलाची चित्रे तारीख घालून एका फायलीत ठेवून दर तीन महिन्यांनी घरी द्या, कारण भरलेली वही ही त्या पालकांच्या दृष्टीने मूल शिकत असल्याची पावती आहे, आणि पावती मागणे हा त्यांचा हक्क आहे.

भाषेवर थोडेच लिहिते. पहिलीपासून हिंदी या विषयावर २०२५ मध्ये राज्यात जो गदारोळ झाला त्याचे पडसाद तुमच्या सतरंजीपर्यंत आले असणार. तीन वर्षांच्या मुलाने कोणत्या भाषेत पाणी मागावे यावर बाहेर कोणीही काहीही म्हणो, तुम्ही त्याला पाणी द्या आणि उत्तर त्याच्या भाषेत द्या. बडबडगीते दोन्ही भाषांतली घ्या. मराठी मुलाच्या आजीला एक दिवस ओव्या म्हणायला बोलवा आणि दुसऱ्या दिवशी जौनपूरच्या आजीला तिची लोरी म्हणायला. गाण्याला आलेल्या आजीविरुद्ध मोर्चा काढणारा मनुष्य अजून माझ्या पाहण्यात नाही.

आता जेसीबी. तुमच्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला. काड्यापेट्यांची रांग लावायची, एकाने चप्पल हातात धरून 'घर्रर्र' करत यायचे, पेट्या उधळायच्या, सगळ्यांनी ओरडायचे आणि पुन्हा रांग लावायची, असे तुम्ही लिहिले आहे. हा खेळ थांबवू नका. ज्या सकाळी घर पडले त्या सकाळी मुलाच्या हातात काहीही नव्हते. चप्पल त्याच्या हातात आहे आणि ती कधी चालवायची व कधी थांबवायची हे ते ठरवत आहे. त्या वयाला बोलून मोकळे होता येत नाही, खेळून होता येते. तुम्ही फक्त जवळ बसा. 'असे वाईट खेळू नये' म्हणू नका आणि घाईघाईने 'चला, आता आपण छान नवीन घर बांधू' असेही म्हणू नका, कारण ते घर तुमच्या समाधानासाठी बांधले जाते. मुलाने काही सांगितले तर त्याचेच वाक्य त्याला परत द्या : 'हो, भांडी आत राहिली.' बाजूला थोड्या जास्त काड्यापेट्या, बाहुल्या, चिंध्या ठेवून द्या आणि काय होते ते बघा. बहुतेक मुलांचा खेळ काही आठवड्यांत आपोआप वळण घेतो. कोणीतरी भांडी बाहेर काढते, कोणी पोलीस होते, कोणी कोपऱ्यात चहा करायला बसते.

लक्ष ठेवायचे ते वेगळ्या मुलावर. जे मूल तोच खेळ महिनोन् महिने जराही न बदलता, चेहऱ्यावर काही न उमटता खेळते, किंवा जे खेळतच नाही, पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे, बोलेनासे किंवा जेवेनासे झाले आहे, त्याच्या आईशी एकांतात बोला आणि शीव किंवा परळच्या महापालिका रुग्णालयातील मानसोपचार विभागात तिच्याबरोबर स्वतः जा. चिठ्ठी देऊन पाठवू नका. मानसोपचार हा शब्द वाचून ती केसपेपर काढण्याआधीच परत फिरेल.

खेळ चालू असताना तुमच्यापैकी जिला रडू येते तिने बाहेर जाऊन यावे, त्यात लाज नाही.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. अंगणवाडी सेविकेशी स्पर्धा करू नका. मुलांची नावे अंगणवाडीत राहू द्या, कारण तीन ते सहा वयाच्या मुलाला तिथे पोषक आहार मिळण्याचा हक्क आहे आणि तो तुमच्या खाऊने भरून निघणार नाही. खेळघराची वेळ तिच्या वेळेशी जुळवून घ्या. नोंदणीबाबतचे नियम बदलत असल्यामुळे महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. प्रत्येक मुलाच्या जन्मदाखल्याची आणि लसीकरण कार्डाची छायाप्रत काढा. वयाचा पुरावा नाही म्हणून पहिलीचा प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते, पण तोडकामात कागद गेलेल्या आईला खिडकीवर उभे राहून ते कलम म्हणून दाखवायला लावण्यापेक्षा छायाप्रत बरी.

या छायाप्रती, हजेरीपट, चित्रांच्या फायली, गोष्टींची आठ-दहा पुस्तके, एक सतरंजी आणि काड्यापेट्यांची ती पिशवी एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी दोघींना उचलता येईल एवढीच जड असावी. ती खेळघराच्या खोलीत ठेवू नका. तुमच्या ओळीपासून लांब, मुख्य रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या कोणा आईकडे ठेवा आणि किल्ली दुसऱ्या आईकडे द्या. उद्या तुमच्याही ओळीवर गाडी आली तर मुले घेऊन पेटीपाशी जा, मिळेल त्या सावलीत सतरंजी अंथरा आणि नऊ वाजता हजेरी घ्या.